राखून ठेवलेली मिनिटं

१

बाझल स्टेशनच्या मागच्या गल्लीत वेरेना ब्रोडबेकचं दुकान होतं. एका बाजूला किल्ल्या करून देणारा, दुसऱ्या बाजूला सायकली दुरुस्त करणारा आणि मधे ही. दुकान म्हणजे एक खोली, दोन टेबलं, भिंतभर नकाशा आणि कॉफीचं एक यंत्र. ते सकाळी रुसलं की दुपारपर्यंत तोंड उघडत नसे. कुणाला विमानाची भीती असते, कुणाचं तत्त्व आडवं येतं, कुणाला डॉक्टरांची मनाई असते. अशा माणसांना वेरेना रात्रीच्या गाड्यांनी युरोपभर पाठवायची. संध्याकाळी चढा, सकाळी परक्या शहरात उतरा, मधली रात्र माझ्यावर सोडा, असा तिचा धंदा.

तिकीट काय, हल्ली कुणीही फोनवर काढतं. पण कुठला डबा चाकांच्या खडखडाटापासून लांब असतो, कुठल्या बर्थवर रात्रभर दिव्याची तिरीप येते, कुठले डबे मध्यरात्री तोडून भलत्याच शहराला नेतात, हे फोनला विचारून कळत नाही. वेरेनाला बावीस वर्षांच्या अनुभवाने कळत होतं. प्रत्येक प्रवासाचं ती एक पिवळं कार्ड बनवायची, पेन्सिलीने. गाडी, डबा, बर्थ, बदलायचं स्टेशन. प्रत्येक बदलाच्या पुढे एका चौकटीत राखून ठेवलेली मिनिटं. ही चौकट म्हणजे तिचा जीव की प्राण. हातात चाळीस मिनिटं असल्याशिवाय ती कुणाला गाडी बदलू द्यायची नाही. "वेळ राखला की माणूस राखला," असं ती गिऱ्हाइकांना ऐकवायची, आणि बावीस वर्षांत तिच्या फक्त तिघांची गाडी चुकली होती, हेही ऐकवायची. थोडा गर्व होता बाईला. का नसावा?

प्रवास संपला की गिऱ्हाईक कार्ड परत आणून द्यायचं आणि कसं झालं ते सांगायचं. वेरेना ते कार्डाच्या मागे टिपून ठेवायची. मार्चमध्ये मार्ग्रिट चुडिन नावाच्या निवृत्त शिक्षिका हॅम्बुर्गहून परतल्या आणि कार्ड घेऊन आल्या. बर्थ चांगला होता, चादरी स्वच्छ होत्या, शेजारीण घोरत नव्हती. सगळं सांगून झाल्यावर उठता उठता त्या म्हणाल्या, "आणि ते सूप. मधल्या स्टेशनावरचं. तुम्ही कार्डावर लिहिलं नव्हतंत. गंमत म्हणूनच ना?"

२

वेरेनाला कसलं सूप ते कळेना. चुडिनबाईंनी मग नीट सांगितलं, वर्गात धडा सांगावा तसं. रात्री कधीतरी गाडी उभी राहिली. दार उघडं होतं. खाली बुटका फलाट, एकच दिवा, नावाची पाटी नाही. एक टेबल, त्यावर निळं एनॅमलचं पातेलं आणि पातेल्यामागे तपकिरी स्वेटरमधली एक बाई. भाजलेल्या पिठाचं सूप, आत परतलेला कांदा, वर चीज. अगदी आपल्या कार्निवलच्या पहाटे मिळतं तसं. त्या प्यायल्या, परत चढल्या आणि छान झोपल्या.

वेरेना हसली आणि कार्डामागे तिने फक्त 'सूप?' एवढंच लिहिलं. बाईंचं वय अठ्ठ्याहत्तर. कार्निवल होऊन आठवडा झाला होता. जिभेवर चव राहिली असेल, झोपेत तीच वर आली असेल. माणसाच्या मनाचा काही भरवसा नाही.

पण रुएदी आला तेव्हा तिने त्याला सहज विचारलंच. रुएदी गिझिन हा रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस. पस्तीस वर्षं त्याने वेळापत्रकं बनवली होती. आता आठवड्यातून दोन दिवस दुकानात येऊन बसायचा, बायकोच्या म्हणण्याप्रमाणे घरात लुडबुड नको म्हणून. तो म्हणाला, रात्रीच्या गाड्या उभ्या राहतातच. सरळ धावल्या तर पहाटे चारला पोचतील, आणि चारला उतरून माणसांनी काय करायचं? म्हणून वेळापत्रकात वेळ पेरून ठेवतात. आडरानात, मालगाड्यांच्या रुळावर अर्धाअर्धा तास गाडी उभी करतात आणि लोक झोपून राहतात.

"पण दारं?" वेरेनाने विचारलं.

"दारं बंद असतात. तिथे फलाटच नसतो तर दार कशाला उघडतील?" रुएदी म्हणाला. "तुझ्या मास्तरीणबाईंना स्वप्न पडलं. मला रोज पडतं, त्यात मी सोमवारी कामावर गेलेलो असतो."

वेरेनालाही ते पटलं. कॉफीच्या यंत्राने त्या दिवशी चक्क दोनदा कॉफी दिली आणि सूप विसरलं गेलं.

३

एप्रिलमध्ये सेव्हरिन आला. हा व्हिओला वाजवणारा, तिशीचा, सगळ्या गोष्टींवर शंका घेणारा. त्याला तिने झुरिकहून झाग्रेबला पाठवलं होतं. वाद्य विमानात सामानात टाकवत नाही म्हणून तो नेहमी गाडीने जायचा. कार्ड टेबलावर ठेवत तो म्हणाला, "ब्रोडबेकबाई, एक सांगा. बाझलच्या पिठाचं सूप क्रोएशियाच्या गाडीला द्यायची सोय तुम्ही कशी केलीत?"

वेरेनाने पेन्सिल खाली ठेवली. बुटका फलाट, एक दिवा, निळं पातेलं. पातेल्याच्या काठाचा एक टवका उडालेला होता, हे चुडिनबाईंनी सांगितलं नव्हतं, ते याने सांगितलं. आणि आणखी एक. त्या बाईने त्याला विचारलं होतं, "ब्रोडबेकबाईंकडचे ना तुम्ही?" त्याला वाटलं, ही बाई वेरेनाचीच माणूस असेल.

तो गेल्यावर वेरेनाने दोन्ही कार्डं शेजारी शेजारी ठेवली. एक मार्ग ऱ्हाइनच्या कडेने उत्तरेला, दुसरा आल्प्समधून पूर्वेला. दोन्ही गाड्यांना सामाईक असा हातभरसुद्धा रूळ नव्हता. मग तिने शहाण्या माणसासारखा विचार केला. चुडिनबाई आणि सेव्हरिन एकमेकांना ओळखत असतील का? नव्हते ओळखत. झाग्रेबच्या गाडीवर तिच्या ओळखीचा एक अटेंडंट होता, त्याला तिने फोन केला. तो म्हणाला, त्या रात्री गाडी दोन वाजून सहा मिनिटांपासून पाऊण तास उभी होती. दारं कुलूपबंद, माझ्या डब्यात मी स्वतः जागा होतो.

"कुणी खाली उतरलं होतं?"

"कुठे उतरणार? दोन्हीकडे नुसती खडी." मग तो म्हणाला, "मात्र सकाळी डब्यात कांदा परतल्याचा वास होता. कुणीतरी घरून डबा आणला असेल."

वेरेनाने फोन ठेवला. दुकानात दुपारचं ऊन होतं, शेजारी किल्लीवाल्याचं यंत्र किरकिरत होतं. तरी तिने उठून खिडकी लावून घेतली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

४

मेमध्ये हेग्लिन नवराबायको व्हेनिसहून आले, उन्हाने लाल झालेले आणि खूश. त्यांना तिने व्हिएन्नामार्गे पाठवलं होतं. वेरेनाने या वेळी आपण होऊन काहीच विचारलं नाही. विचारलं नाही की सांगितलं जात नाही, असा तिने स्वतःशी हिशेब केला होता.

हेग्लिनबाईंनी सांगितलंच. सूप उत्तम होतं, बाई प्रेमळ होती. "तुमची चौकशी करत होती. तुमची मुलगी अजून कांदा खात नाही का, म्हणून विचारलं तिने. आम्हाला काय माहीत? तुम्हाला मुलगी आहे हेच तिच्याकडून कळलं."

आनुक ही वेरेनाची एकुलती एक लेक, एकोणीस वर्षांची. कांदा तिच्या घशाखाली उतरत नसे. लहानपणापासून ती सुपातला कांदा चमच्याने वेचून वाडग्याच्या काठावर मांडायची, एकामागे एक, रांगेत. वेरेनाने रागावून पाहिलं, लाडीगोडी करून पाहिली, पण रांग काही सुटली नाही. हे घराबाहेर कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

"आणखी काही म्हणाली?" तिने विचारलं.

"हो," हेग्लिन म्हणाले. "मुलीचा वाडगा बाजूला काढून ठेवलाय म्हणाली. घाई नाही, सावकाश येऊ दे."

रुएदीला आनुकची खोड माहीत होती, तो जेवायला आला होता ना एकदोनदा. वेरेनाने त्याच्यावर आळ घेतला. चेष्टा कर, पण माझ्या पोरीवरून नको, असं ती बोलली आणि बोलताना तिचा आवाज चढला. रुएदीने टोपी काढून मांडीवर ठेवली. "वेरेना, पस्तीस वर्षं मी लोकांच्या वेळेची काळजी केली," तो म्हणाला. "असली चेष्टा मला सुचणार नाही." त्याचा चेहरा पाहून तिने माफी मागितली. खरं तर तो खोटं बोलत असता तर तिला बरं वाटलं असतं.

५

त्याच आठवड्यात आनुकला प्रागहून पत्र आलं. कळसूत्री बाहुल्यांचं शिक्षण देणाऱ्या शाळेत तिची मुलाखत होती, जूनमधल्या एका सोमवारी सकाळी नऊला. दोन वर्षं ती याच पत्राची वाट पाहत होती. स्वयंपाकघरात तिने आईला उचलून गोल फिरवलं आणि म्हणाली, "रविवारी रात्रीच्या गाडीत बसते, सकाळी थेट मुलाखतीला. आता माझं पिवळं कार्ड कर."

वेरेना म्हणाली, दिवसाच्या गाडीने जा. रविवारी पहाटे नीघ, संध्याकाळी पोच, रात्री हॉटेलात झोप.

आनुकला वाटलं आई थट्टा करतेय. मग ती चिडली. अख्ख्या गावाला झोपवून पाठवतेस आणि पोटच्या पोरीला नाही? लहान असताना दुकानात टेबलाखाली बर्थ करून मी झोपायची, तेव्हा म्हणायचीस, मोठी झालीस की खरी गाडी. वेरेनाने कारण सांगितलं नाही. काय सांगणार? एक बाई तुझ्यासाठी सूप राखून बसलीय, असं? तिने बावीस वर्षांत पहिल्यांदा खोटं सांगितलं की रात्रीच्या गाडीत जागा शिल्लक नाही.

दिवसाचं कार्ड तिने चार वेळा खोडून केलं. मार्गावर काम चालू होतं, त्यामुळे प्रागच्या गाड्या त्या महिन्यात म्युनिकच्या पुढच्या एका लहान जंक्शनवरून सुटत होत्या. आनुक तिथे दुपारी दोन वाजून दोन मिनिटांनी पोचत होती. दोन अकराला एक गाडी होती आणि दोन एक्कावन्नला दुसरी. रुएदी तिच्या खांद्यावरून कार्ड वाचत म्हणाला, नऊ मिनिटं पुरेत. फलाट समोरासमोर आहेत, तरुण पोर आहे, दोन उड्यांत पलीकडे.

"सीमेपलीकडच्या गाड्यांचं नऊ मिनिटांवर सोडायचं? वेड लागलंय का?" वेरेना म्हणाली, आणि तिने चौकटीत एकोणपन्नास लिहिलं. दोन एक्कावन्नच्या गाडीत खिडकीजवळची जागाही राखून टाकली. मग जंक्शनला फोन करून चौकशी केली. प्रतीक्षागृह आहे, पाण्याचं यंत्र आहे, खाण्याची टपरी रविवारी बंद. म्हणजे काही नाही. तिला हायसं वाटलं. तिने लेकीला बजावलं, तिथे काहीच मिळत नाही, घरून सँडविच घेऊन जा.

त्या रात्री ती कित्येक आठवड्यांनी शांत झोपली.

६

रविवारी दुकान बंद असायचं, तरी वेरेना दुकानातच जाऊन बसली. नकाशासमोर बसलं की तिला धीर यायचा. आनुकचे निरोप वेळच्या वेळी येत होते. झुरिक सुटलं. सरोवर दिसलं. म्युनिक आलं, वेळेवर. वेरेना प्रत्येक निरोपाला कार्डावर बारीक खूण करत होती.

दोन वाजून चार मिनिटांनी फोन वाजला.

"पोचले. मिनिटभरही उशीर नाही, तुझ्या नाकावर टिच्चून," आनुक म्हणाली. "ऐक ना, समोर दोन अकराची उभी आहे. रिकामी आहे, डब्यात चिटपाखरू नाही. चढू का?"

वेरेनाने कार्डाकडे पाहिलं. राखलेली जागा दोन एक्कावन्नची होती. या गाडीत पुढे गर्दी झाली तर पोरीला चार तास उभं राहावं लागेल. सगळं नीट ठरलेलं असताना ऐन वेळी बदल केला की घोटाळे होतात, हे ती गिऱ्हाइकांना रोज सांगत आली होती.

"नको," ती म्हणाली. "तुझी जागा पुढच्या गाडीत आहे. थांब तिथेच."

"बरं बाई, थांबते," आनुक म्हणाली. फोनमधून शिट्टी ऐकू आली, दारं लागल्याचा आवाज आला आणि गाडी जाताना वेरेनाने ऐकली.

दोन वीसला फोन पुन्हा वाजला.

"आई, तुझी माहिती चुकली," आनुक हसत म्हणाली. "इथे काही मिळत नाही म्हणालीस ना? फलाटाच्या टोकाला एक बाई टेबल टाकून बसलीय. ऊन मी म्हणतंय आणि ही गरम सूप विकतेय. विकत पण नाही, नुसतीच देतेय."

वेरेना उभी राहिली. गुडघा टेबलाला आपटला तो तिला कळलाही नाही.

"पातेलं कसलं आहे?"

"पातेलं? निळं. का?"

"आनुक, तिथून नीघ. स्टेशनाच्या बाहेर पड. रस्त्यावर माणसं असतील तिथे जा."

"बाहेर कुठे? प्रतीक्षागृह बंद दिसतंय. इथे मी आणि ती, दोघीच आहोत." तिचा आवाज जरा बाजूला गेला, कुणाला तरी ती 'थँक्यू' म्हणाली. मग परत फोनजवळ आली तेव्हा तिचं हसू कमी झालं होतं. "आई, एक विचित्र आहे. हिने वाडगा दिला ना, त्यातला कांदा आधीच काढून ठेवलाय. काठावर. रांगेत. मी मांडते तसा."

वेरेना बोलत होती, पिऊ नकोस, खाली ठेव, रूळ ओलांडून पळ, माझं ऐक. आपण ओरडतोय हे तिला शेजारच्या भिंतीवर कुणीतरी ठोकलं तेव्हा समजलं. पलीकडून चमचा वाडग्याला लागल्याचा आवाज येत होता, सावकाश, दोन घोटांत अंतर ठेवून. मग फोन बंद झाला.

तिने पोलिसांना फोन केला. मुलगी स्टेशनावर सूप पितेय एवढंच तिला सांगता आलं, आणि ऐकणाऱ्याने नम्रपणे विचारलं की यात तक्रार काय आहे. तिने जंक्शनचा नंबर लावला, तो रविवारी कुणी उचलत नव्हतं. रुएदीला बोलावलं, तो घरच्या चपलांनिशी धावत आला. आला तेव्हा वेरेना पिवळं कार्ड हातात घेऊन चौकटीकडे पाहत होती. रात्रीच्या गाड्यांत रेल्वे वेळ पेरते, असं तोच म्हणाला होता. ही चौकट रेल्वेची नव्हती. हे एकोणपन्नास तिच्याच अक्षरात होतं.

दोन एक्कावन्न झाले. रुएदीने आपल्या जुन्या कचेरीतल्या एकाला फोन लावून विचारलं. गाडी वेळेवर सुटली होती. खिडकीजवळच्या त्या जागेवर कुणी बसलं नव्हतं. प्रागची पुढची गाडी थेट दुसऱ्या दिवशी होती.

वेरेना आनुकचा नंबर लावत राहिली. सात वेळा तो नुसता वाजला. आठव्यांदा उचलला गेला. पलीकडे कुठेतरी उकळी फुटत होती आणि पळी पातेल्याच्या काठावर हलकेच आपटत होती.

"आनुक?"

"ती जेवतेय," एक बाई म्हणाली. आवाज प्रेमळ होता, धाटणी अगदी बाझलची, घरातल्या कुणाची असावी तशी. "गाडीची काळजी करू नका. वेळ आहे अजून. तुम्हीच तर भरपूर ठेवलाय."